विनाशिकेचा सुटा भाग कुठून येतो?



दरवर्षी ४ डिसेंबरला आपण नौदल दिन साजरा करतो. त्या सुमारास मुंबईत शाळकरी मुलांना युद्धनौका बघायला मिळतात. काही वर्षांपूर्वी आम्हीही नववीच्या मुलांना घेऊन गेलो होतो. मुलांनी तोफ पाहिली, रडार पाहिलं, डेकवर उभं राहून फोटो काढले. "सर, केवढी मोठी आहे!" हे वाक्य मी त्या दिवशी किमान पन्नास वेळा ऐकलं असेल.

परतीच्या प्रवासात एसटीत एक मुलगा माझ्या शेजारी येऊन बसला. त्याच्या वडिलांचं तालुक्याला ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. तो म्हणाला, "सर, या बोटीचं काही बिघडलं तर पार्ट कुठून आणतात?"

मी म्हटलं, "अरे, नौदलाकडे सगळी सोय असते."

"पण सर, आमच्या गॅरेजात एक ट्रॅक्टर दोन महिने झाले तसाच उभा आहे. कंपनीनं ते मॉडेलच बंद केलंय. पार्टच मिळत नाही. बोटीचं तसं झालं तर?"

खरं सांगतो, मी वेळ मारून नेली. उत्तर मला माहीत नव्हतं. पण प्रश्न डोक्यातून जाईना. मग हळूहळू वाचत गेलो आणि लक्षात आलं की वर्गातल्या एका मुलानं सहज विचारलेला हा प्रश्न जगातल्या भल्याभल्या नौदलांना सुटलेला नाही. आजचा लेख त्या मुलासाठी आणि अर्थात तुमच्यासाठीही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. युद्धनौका किती बलवान आहे हे तिच्यावर किती क्षेपणास्त्रं आहेत यावरून आपण ठरवतो. मला वाटतं, ते तिचे सुटे भाग कुणाच्या हातात आहेत यावरून ठरवायला हवं. आणि तो निर्णय जहाज बिघडल्यावर होत नसतो. जहाज कागदावर असतानाच तो होऊन गेलेला असतो.

विनाशिका म्हणजे नेमकं काय?

'डिस्ट्रॉयर' या शब्दाला मराठीत आपण विनाशिका म्हणतो. १८९० च्या दशकात छोट्या, वेगवान टॉर्पेडो बोटी मोठ्या युद्धनौकांना त्रास देऊ लागल्या. त्या बोटींचा नाश करायला ब्रिटननं एक नवी नौका काढली, ती 'टॉर्पेडो बोट डिस्ट्रॉयर'. पुढे नाव आखडून 'डिस्ट्रॉयर' एवढंच राहिलं.

मग क्षेपणास्त्रं आली आणि चित्र पालटलं. ऑक्टोबर १९६७ मध्ये इजिप्तच्या लहानशा बोटींनी सोव्हिएत बनावटीची क्षेपणास्त्रं डागून इस्रायलची 'एलात' ही विनाशिका बुडवली. चार वर्षांनी, ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री, आपल्या क्षेपणास्त्र बोटींनी कराचीवर हल्ला चढवला आणि पाकिस्तानची 'खैबर' ही विनाशिका बुडाली. आपला नौदल दिन त्याच रात्रीची आठवण आहे.

या घटनांनी सगळ्या नौदलांना एक गोष्ट कळली. येणारं क्षेपणास्त्र दुरूनच ओळखता आलं पाहिजे आणि वाटेतच पाडता आलं पाहिजे. म्हणून आजची मार्गदर्शित क्षेपणास्त्र विनाशिका ही तरंगतं रडार केंद्र, क्षेपणास्त्रांचं कोठार, वीजकेंद्र आणि तीन-चारशे माणसांची वसाहत असं सगळं एकत्र असते. आपली 'आयएनएस विशाखापट्टणम' घ्या. लांबी १६३ मीटर, वजन सुमारे ७,४०० टन आणि वेग ताशी ३० सागरी मैलांच्या वर. अशा जहाजात लहानमोठे असंख्य भाग असतात आणि त्यातला प्रत्येक भाग कधी ना कधी झिजणार असतो. खारी हवा, सततची थरथर आणि इंजिनाची उष्णता यांपुढे कुणाचंच चालत नाही.

आराखडा म्हणजे चाळीस वर्षांचा संसार

घरातलं साधं उदाहरण घेऊ. आपण मिक्सर घेतो तेव्हा त्याचे वॅट बघतो, भांडी किती आहेत ते बघतो. तीन वर्षांनी भांड्याखालचा कपलर तुटतो. तो गल्लीतल्या दुकानात मिळाला तर मिक्सर चालू, नाही मिळाला तर मिक्सर माळ्यावर. म्हणजे मिक्सरचं आयुष्य ठरलं ते त्या वीस-तीस रुपयांच्या कपलरवर.

युद्धनौकेचं असंच आहे, फक्त इथे काळ फार मोठा असतो. 'आयएनएस राजपूत' ही विनाशिका मे १९८० मध्ये आपल्या नौदलात आली आणि मे २०२१ मध्ये निवृत्त झाली. ४१ वर्षं! आता विचार करा, १९८० साली घेतलेल्या यंत्राचा एखादा सर्किट बोर्ड २०१५ मध्ये कोण बनवून देणार? बनवणारा कारखाना बंद पडलेला असतो, नाहीतर त्यानं ते मॉडेल कधीच सोडून दिलेलं असतं. जहाजाचं पोलाद चाळीस वर्षं टिकतं, पण त्यातल्या इलेक्ट्रॉनिक वस्तू आठ-दहा वर्षांत जुन्या होतात. आराखडा करणाऱ्याला हे दोन्ही काळ एकाच जहाजात बसवायचे असतात.

सुटे भाग साधारण दोन ठिकाणी ठेवतात. काही जहाजावरच, म्हणजे समुद्रात बिघाड झाला तर तिथल्या तिथे बदलता यावेत म्हणून. बाकीचे किनाऱ्यावरच्या भांडारात. पण जहाजावर जागा मोजकीच असते. काय बरोबर न्यायचं आणि काय किनाऱ्यावर ठेवायचं, हा हिशोब आधी करावा लागतो.

याहून मोठा हिशोब इंजिनाचा. आधुनिक विनाशिका बहुतेक गॅस टर्बाइनवर चालतात. ही टर्बाइन म्हणजे विमानाच्या जेट इंजिनाची चुलत बहीण. हवा आत ओढायची, दाबायची, इंधन जाळायचं आणि त्या गरम वायूनं पाती फिरवायची. वाफेच्या जहाजाला निघण्याआधी तासन्‌तास बॉयलर तापवत बसावं लागायचं. गॅस टर्बाइन काही मिनिटांत तयार होते. मात्र तिची मोठी दुरुस्ती जहाजावर करता येत नाही. अख्खी टर्बाइन बाहेर काढायची, तिच्या जागी दुसरी बसवायची आणि जुनी कार्यशाळेत पाठवायची. आपल्या नौदलाचं असं केंद्र विशाखापट्टणमला आहे, 'आयएनएस एकशिला'.

म्हणजे टर्बाइन बाहेर काढायची वाट जहाजाच्या आराखड्यातच ठेवावी लागते. ती ठेवली नाही तर एका इंजिनासाठी जहाज कापावं लागेल! शिवाय एकदा एका कंपनीची टर्बाइन निवडली की तिच्याशी जुळणारा गिअरबॉक्स, तिच्या मापाचे हवेचे मार्ग, तिची नियंत्रण यंत्रणा सगळं त्याच मापात बांधलं जातं. नंतर मन बदललं तरी दुसऱ्या कंपनीचं इंजिन तिथे सहज बसत नाही. कागदावरची ही एक रेघ पुढची चाळीस वर्षं आपल्याला बांधून ठेवते.

आपली गोष्ट: मिकोलाईव्ह ते माझगाव

आता आपल्याकडे काय घडलं ते पाहू, कारण यातला मोठा भाग आपल्या मुंबईत घडलेला आहे.

'राजपूत' आणि तिच्या चार बहिणी सोव्हिएत संघात, मिकोलाईव्ह या शहरात बांधल्या गेल्या. त्यांचा मूळ आराखडा सोव्हिएत 'काशिन' वर्गाचा. संपूर्णपणे गॅस टर्बाइनवर चालणाऱ्या जगातल्या पहिल्या मोठ्या युद्धनौकांमध्ये काशिनची गणना होते. पुढे आपण ठरवलं की विनाशिका घरीच बांधायच्या. मुंबईच्या माझगाव डॉकला तोवर 'निलगिरी' वर्गाच्या फ्रिगेट बांधण्याचा अनुभव आला होता. पहिली 'निलगिरी' १९७२ मध्ये नौदलात आली होती.

१९८७ मध्ये 'आयएनएस दिल्ली'चं काम सुरू झालं आणि १९९१ च्या फेब्रुवारीत ती पाण्यात उतरली. आराखडा भारतीय नौदलाचा, मदत सोव्हिएत तज्ज्ञांची, शस्त्रं आणि यंत्रं बरीचशी सोव्हिएत. आणि त्याच वर्षी डिसेंबरात सोव्हिएत संघच उरला नाही! यंत्रसामग्री यायला उशीर होत गेला आणि 'दिल्ली' नौदलात दाखल झाली ती थेट नोव्हेंबर १९९७ मध्ये. पाण्यात उतरल्यापासून सहा वर्षांहून जास्त काळ गेला.

इथे मुलांना मी नकाशा काढून दाखवतो. १९९१ पर्यंत आपल्याला एकच दार ठोठवायचं होतं, मॉस्कोचं. १९९१ नंतर त्या दाराची दोन दारं झाली. क्षेपणास्त्रं बनवणारे कारखाने रशियात राहिले आणि टर्बाइन बनवणारं मिकोलाईव्ह शहर युक्रेनमध्ये गेलं. आपल्या जहाजात एक स्क्रूही बदलला नव्हता, पण त्याच्या सुट्या भागांचा पत्ता बदलला.

पुढे २०१४ मध्ये क्रिमियावरून दोन्ही देश एकमेकांसमोर उभे ठाकले. युक्रेननं रशियाला युद्धनौकांची टर्बाइन देणं थांबवलं. परिणाम बघा. रशियाच्या स्वतःच्या फ्रिगेट अर्धवट बांधून पडून राहिल्या, कारण इंजिनच नाही. त्यातल्या दोन नौका पुढे आपण घेतल्या. त्यांच्यासाठी युक्रेनकडून टर्बाइन आपण विकत घेतल्या आणि त्या रशियाला पोचवल्या. त्यातली 'आयएनएस तुशील' डिसेंबर २०२४ मध्ये आणि 'आयएनएस तमाल' जुलै २०२५ मध्ये आपल्या नौदलात आली. एकमेकांशी लढणाऱ्या दोन देशांचे भाग एकाच जहाजात, आणि मधे आपण!

आणि मग २०२२. रशियन फौजा मिकोलाईव्ह शहराच्या वेशीपर्यंत आल्या आणि त्या शहरावर महिनोन्‌महिने मारा होत राहिला. माझगाव डॉकनं आजवर नौदलाला दिलेल्या या मालिकेतल्या दहा विनाशिका पाहा. 'दिल्ली' वर्गाच्या तीन, 'कोलकाता' वर्गाच्या तीन आणि 'विशाखापट्टणम' वर्गाच्या चार. या दहाही नौकांच्या टर्बाइन त्याच मिकोलाईव्हच्या आहेत. म्हणजे 'आयएनएस मुंबई' असो की गोव्याच्या बंदराचं नाव घेतलेली 'आयएनएस मोरमुगाव', तिचं हृदय ज्या गावात घडलं, तिथे तोफगोळे पडत होते.

त्या मुलाचा ट्रॅक्टर आठवला का?

दुसऱ्यांना लागलेल्या ठेचा

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असं आपण म्हणतो. म्हणून तीन ठेचा सांगतो.

पहिली अर्जेंटिनाची. या देशानं ब्रिटिश आराखड्याच्या 'टाइप ४२' जातीच्या दोन विनाशिका आपल्या ताफ्यात आणल्या, 'हर्क्युलिस' आणि 'सांतिसिमा त्रिनिदाद'. १९८२ मध्ये फॉकलंड बेटांवरून युद्ध झालं ते ब्रिटनशीच! युद्धानंतर ब्रिटनकडून भाग मिळणं बंद झालं. मग एकीचे भाग काढून दुसरीला लावायचे, ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर, असं सुरू झालं. 'त्रिनिदाद' वर्षानुवर्षं धक्क्याला पडून राहिली आणि जानेवारी २०१३ मध्ये बंदरात उभ्या उभ्याच कलंडून बुडाली. तिला शत्रूच्या क्षेपणास्त्राची गरजच पडली नाही.

दुसरी खुद्द ब्रिटनची. त्यांच्या 'टाइप ४५' विनाशिका अतिशय आधुनिक. इंधन वाचावं म्हणून त्यात एक नव्या प्रकारची गॅस टर्बाइन बसवली. ती उष्ण समुद्रात नीट चालेना. ताण आला की वीज जायची आणि अख्खं जहाज अंधारात. आधी बारा नौका ठरल्या होत्या, बांधल्या सहाच. ही टर्बाइन दुसऱ्या कुठल्याही युद्धनौकेनं घेतली नाही. त्यामुळे अनुभव वाटून घ्यायला सोबती नाही. शेवटी प्रत्येक नौकेत मोठी डिझेल जनित्रं बसवायचा खर्चिक कार्यक्रम हाती घ्यावा लागला.

तिसरी अमेरिकेची. 'झुमवॉल्ट' विनाशिकेसाठी त्यांनी एक खास तोफ बनवली आणि तिच्यासाठी खास गोळा बनवला. नौका बांधायच्या होत्या ३२, बांधल्या ३. मग गोळ्यांची संख्या घटली आणि एका गोळ्याची किंमत काही लाख डॉलरवर गेली. २०१६ मध्ये गोळ्यांची खरेदीच रद्द झाली. तोफ आहे, गोळा नाही. आता त्या तोफा काढून तिथे क्षेपणास्त्रं बसवायचं काम काढलंय.

याच अमेरिकेचं दुसरं उदाहरण नेमकं उलटं आहे. त्यांच्या 'आर्ली बर्क' वर्गाची पहिली विनाशिका १९९१ मध्ये आली. तेव्हापासून सत्तरहून जास्त नौका त्याच वर्गात बांधल्या गेल्या, आणि प्रत्येकीत त्याच जातीच्या चार टर्बाइन. रडार सुधारलं, क्षेपणास्त्रं सुधारली, पण इंजिन तेच. त्यामुळे भाग बनवणाऱ्याला धंदा परवडतो, मेकॅनिकचा हात बसतो, आणि एका जहाजाचा भाग दुसऱ्याला चालतो. आपल्या खेड्यात ज्या मोटारसायकली जास्त दिसतात त्यांचेच पार्ट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, तसंच हे.

'७५ टक्के स्वदेशी' म्हणजे काय?

जानेवारी २०२५ मध्ये 'आयएनएस सुरत' नौदलात आली, तेव्हा ती ७५ टक्के स्वदेशी असल्याचं सांगितलं गेलं. मला याचा अभिमान आहे आणि तो खोटा नाही. तिचं पोलाद भारतात तयार झालेलं आहे. पूर्वी युद्धनौकांचं खास पोलाद रशियाकडून यायचं. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेनं 'डीएमआर २४९ ए' हे पोलाद विकसित केलं आणि आपल्याच पोलाद कारखान्यांत ते तयार होऊ लागलं. 'विक्रांत' ही विमानवाहू नौका त्याच पोलादाची आहे. विनाशिकेवरची तोफ हरिद्वारच्या 'भेल'मध्ये बनते. हे सगळं कौतुकाचंच.

पण गणिताचा शिक्षक म्हणून मला टक्केवारीची थोडी भीती वाटते. टक्केवारी सगळ्या वस्तू एकाच तराजूत टाकते. समजा, एका विद्यार्थ्याला ७५ टक्के मिळाले आणि उरलेले २५ टक्के म्हणजे अख्खा गणिताचा पेपर असेल, तर? निकाल 'प्रथम श्रेणी' लागेल, पण इंजिनिअरिंगला प्रवेश मिळणार नाही. तसंच जहाजाचं आहे. उरलेल्या पंचवीस टक्क्यांत टर्बाइन असेल, तर त्या पंचवीस टक्क्यांवर उरलेले पंचाहत्तर अवलंबून आहेत.

म्हणून माझी सूचना अशी की 'किती टक्के स्वदेशी' याच्याबरोबर आणखी एक आकडा जाहीरपणे विचारला जावा. परदेशातून एकही भाग आला नाही, तर हे जहाज किती वर्षं समुद्रात राहील? हा आकडा गुप्त ठेवायचा तर ठेवा, शत्रूला सांगू नका. पण आराखडा मंजूर करणाऱ्यांच्या टेबलावर तो असलाच पाहिजे.

"सगळंच घरी कसं बनवणार?"

हा आक्षेप तुमच्या मनात आला असेल. माझ्याही मनात आला होता आणि तो बरोबर आहे.

'दिल्ली'च्या वेळी युक्रेनच्या टर्बाइन घेतल्या ही चूक नव्हती. तेव्हा आपल्याकडे दुसरं काय होतं? चांगल्या, चाललेल्या, 'राजपूत'मुळे आपल्या माणसांच्या हाताखालून गेलेल्या टर्बाइन होत्या त्या. पुढच्या दोन वर्गांत त्याच ठेवल्या, हेही एका अर्थानं शहाणपणच. 'विशाखापट्टणम' वर्गाचा सांगाडा आणि इंजिनं 'कोलकाता' वर्गासारखीच ठेवल्यानं कामगारांना, खलाशांना नव्यानं शिकावं लागलं नाही आणि भागही जुळले.

दुसरं म्हणजे संख्या. दहा विनाशिकांसाठी टर्बाइनचा कारखाना काढणं म्हणजे घरात दोन माणसं आणि रोज पीठ हवं म्हणून गिरणी टाकणं. परवडत नाही. तिसरं, गॅस टर्बाइनची पाती हजार अंशांहून जास्त तापमानात फिरतात. त्यासाठी लागणारा मिश्रधातू आणि ओतकाम जगात मोजक्याच देशांना साधलंय. नुसत्या देशप्रेमानं धातू वितळत नाही.

हे सगळं मान्य. तरीही दोन टोकांच्या मधे बरीच जागा आहे. सगळंच घरी बनवता येत नाही, म्हणून काहीच हातात ठेवायचं नाही, असं होत नाही ना?

मग करावं काय?

एक. यंत्र विकत घेताना त्याची चित्रं, मापं आणि दुरुस्तीची विद्याही विकत घ्यावी. सुरुवातीला महाग पडेल. पण ट्रॅक्टरवाल्याला विचारा, बंद पडलेल्या मॉडेलच्या भागाचं नुसतं माप मिळालं तरी लेथवर तो कितीतरी गोष्टी करून घेतो. माप नसेल तर हात बांधले जातात.

दोन. जाती कमी, संख्या जास्त. आपल्या विनाशिकांत युक्रेनच्या टर्बाइन आहेत, 'शिवालिक' वर्गाच्या फ्रिगेटवर आणि 'विक्रांत'वर अमेरिकन जातीच्या. दोन घराणी म्हणजे दोन भांडारं, दोन प्रशिक्षणं, दोन देशांची मर्जी. पुढची पिढी आखताना एक समान इंजिन ठरवलं, तर संख्या वाढेल आणि मग इथे भाग बनवणं परवडूही लागेल.

तीन. लहान भागांपासून सुरुवात करावी. संरक्षण मंत्रालयानं २०२० मध्ये 'सृजन' नावाचं पोर्टल सुरू केलं. परदेशातून येणारे कोणते भाग इथे बनायला हवेत याची यादी त्यावर असते. कोल्हापूरच्या फाउंड्री, पिंपरी-चिंचवडची वर्कशॉपं यांनी ती जरूर बघावी. फक्त एक अडचण इथे मोकळेपणानं बोलली पाहिजे. नौदलाला एखादा व्हॉल्व्ह दहा नग हवा असतो आणि त्याच्या चाचण्या मात्र हजार नगांच्या तोडीच्या असतात. छोट्या उद्योजकाला हे पेलत नाही. चाचणीचा खर्च सरकारनं उचलला तरच तो पुढे येईल. मोठ्या यंत्रांत असं पाऊल पडलेलं आहे. एप्रिल २०२५ मध्ये नौदलानं पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सशी ६ मेगावॉटच्या सागरी डिझेल इंजिनासाठी करार केला. २७० कोटींच्या त्या प्रकल्पात ७० टक्के पैसा सरकारचा आहे. हीच पद्धत छोट्या भागांनाही लावता येईल.

चार. आणि हा मुद्दा मला शिक्षक म्हणून सगळ्यात जवळचा आहे. दुरुस्ती करणाऱ्या हातांना मान द्यायला हवा. जहाज पाण्यात सोडतात तेव्हा नारळ फुटतो, बातमी येते, आम्हीही फळ्यावर सुविचाराच्या जागी तिचं नाव लिहितो. पण तेच जहाज तीस वर्षं चालतं ठेवणारा फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन कुणाला माहीत असतो? वर्गात पहिला आलेला मुलगा 'मी जहाजाचं डिझाइन करणार' म्हणाला की आपण टाळ्या वाजवतो. शेवटच्या बाकावरचा 'मी आयटीआय करणार' म्हणाला की आपलाच चेहरा पडतो. हे चुकतंय. मुंबईच्या नौदल गोदीची स्वतःची शिकाऊ उमेदवारांची शाळा आहे. माझगाव डॉकही शिकाऊ उमेदवार घेतं. दहावीनंतर काय, असं विचारणाऱ्या पालकांना आपण शिक्षकांनी हे सांगायला हवं आणि सांगताना आवाज खाली करू नये.

शिवाय आराखडा करणाऱ्यानं या फिटरशी बोललं पाहिजे. कोणता बोल्ट पान्याला सापडत नाही, कोणत्या पंपापर्यंत पोचायला तीन पाइप काढावे लागतात, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. पुढच्या विनाशिकेचा पहिला कागद टेबलावर येईल, तेव्हा त्या टेबलाशी एक खुर्ची त्याची असावी.

शेवटी

तो मुलगा आता दहावी होऊन गेला. मध्यंतरी बाजारात भेटला तेव्हा मी त्याला थांबवून म्हटलं, "अरे, तुझ्या प्रश्नाचं उत्तर देणं राहिलं होतं. तुझ्या बोटीचा पार्ट युक्रेनमधून येतो, रशियातून येतो, हैदराबादहून येतो, हरिद्वारहून येतो. आणि यायचा बंद झाला, तर जहाजाचंही तुमच्या ट्रॅक्टरसारखंच होतं."

तो हसला. म्हणाला, "सर, तो ट्रॅक्टर चालू झाला. बाबांनी जुना पार्ट मोजून घेतला आणि एमआयडीसीतून नवा करून आणला."

दोन वाक्यांत त्यानं माझा अख्खा लेख सांगून टाकला. आपल्या नौदलाकडे जहाजं आहेत आणि शूर माणसंही आहेत. जुना भाग मोजून नवा करून आणणारे हात आपल्या गावागावांत आहेत. त्या दोघांची गाठ जहाज बिघडल्यावर घालण्यापेक्षा आराखडा काढतानाच घातली, तर किती बरं होईल!

तुमच्या वर्गात किंवा घरात असा प्रश्न विचारणारं मूल असेल, तर माझ्यासारखी वेळ मारून नेऊ नका. त्याच्याबरोबर उत्तर शोधायला बसा.